चांगले तळलेले चिकन कसे ओळखावे?

माल खरेदीसाठी मुंबईला गेलेल्या व्यापाऱ्याला किंवा कामानिमित्त बाहेरगावी राहणाऱ्या कारागिराला हॉटेलात जेवणे भागच असते. चिकन हलाल आहे ना, ही चौकशी आपण करतोच. ते केव्हा आणि कसल्या तेलात तळले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

पहिली खूण वेळेची. हाडासकट तंगडी आतपर्यंत शिजायला दहा-पंधरा मिनिटे तरी लागतात. अमेरिकेत केंटकी राज्यात हॉटेल चालविणारे हारलँड सँडर्स लोखंडी तव्यात चिकन तळत, त्याला अर्धा तास लागे. गिऱ्हाईक इतके थांबेना, म्हणून १९३९ मध्ये त्यांनी प्रेशर कुकरमध्ये तळण्याची युक्ती काढली. आपल्याकडे तंगडी दोन मिनिटांत समोर आली, तर ती आधीच तळलेली समजावी. म्हणून गर्दीचे हॉटेल बरे. तिथे तळलेला माल पडून राहत नाही.

दुसरी खूण तेलाची. कढई दिसेल असे बसावे. तेल काळपट, दाट झाले असेल, त्यावर फेस राहत असेल, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर उठावे. तेल साधारण १७० अंशांपर्यंत तापलेले हवे. तेवढ्या उष्णतेने मांसातील पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि तेल आत शिरत नाही. थंड तेलातले चिकन तेलकटच होते.

तिसरी खूण रंगाची. लालभडक रंग मसाल्याचाच असतो असे नाही. मीठ-मसाला मुरलेला असेल तर चव हाडापर्यंत लागते. नुसत्या वरच्या पिठाला चव असेल तर घाई झाली असे समजावे.

हॉटेल चालविणाऱ्या बांधवांनीही एक लक्षात ठेवावे. तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. असे तेल फेकूही नये. बायोडिझेलसाठी ते अधिकृत संस्था गोळा करतात. जुन्या तेलात वाचविलेले चार पैसे गल्ल्यात दिसतात. परत न आलेले गिऱ्हाईक मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही.