प्राणवायू आणि श्वास : गुंगीतील बालकाचा श्वसनमार्ग

लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात ऑक्सिजनला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'आम्लजनक' असा होतो. आणि प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या चुकीच्या समजुतीतून ते आले. मराठीने पंचप्राणांच्या परंपरेतील 'प्राणवायू' हा शब्द योजिला. तो अधिक अन्वर्थक खरा. परंतु प्राणवायू पुरविला म्हणजे श्वासच पुरविला, असा ग्रह त्यामुळे होऊ शकतो. हा ग्रह किती धोक्याचा आहे, हे लहान मुलांच्या श्वसनमार्गाच्या तपासणीत दिसून येते.

श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याची पद्धत गुस्टाफ किलिआन यांनी १८९७ मध्ये जर्मनीत सुरू केली. लवचीक दुर्बीण १९६६ च्या सुमारास जपानच्या शिगेतो इकेदा यांनी प्रचारात आणली. तान्ह्या मुलाच्या श्वासातील घरघरीचे कारण शोधावयाचे, तर आज हीच दुर्बीण नाकावाटे आत घालतात. मूल स्वस्थ राहत नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. त्या औषधाने घशाचे स्नायू सैलावतात व श्वसनाची प्रेरणा मंदावते. शिवाय ज्या वाटेने श्वास यावयाचा, तीच वाट दुर्बीण अडविते.

बालकापाशी अवधीही थोडा असतो. दर किलो वजनामागे त्याला प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो, आणि फुप्फुसांतील साठा मात्र अल्प असतो. संथ प्रवाहात नळीचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून चार मिलिमीटर व्यासाच्या मार्गाला सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर रोध सोळापट होतो.

यासाठी तपासणीपूर्वीच प्राणवायू देण्यास आरंभ करतात आणि तपासणी चालू असताना तो नाकाशी लावलेल्या नळीतून किंवा दुर्बिणीसाठी छिद्र ठेवलेल्या मुखवट्यातून देत राहतात. अलीकडे उबदार व आर्द्र केलेला वायू मोठ्या वेगाने, तान्ह्या मुलांत बहुधा दर किलो वजनामागे मिनिटाला दोन लिटरपर्यंत, सोडतात. घशातील वापरलेली हवा त्यामुळे धुऊन निघते आणि किंचित दाब निर्माण होऊन मार्ग मिटण्यास आळा बसतो.

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर दाखवितो. त्याचे तत्त्व ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ मध्ये मांडले. पण येथेच खरी मेख आहे. जादा प्राणवायू मिळत असता श्वास मंदावला, किंबहुना थांबला, तरी तो आकडा काही काळ समाधानकारक राहू शकतो. आणि तेवढ्यात रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. यास्तव दुर्बीण हाताळणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने केवळ मुलाकडेच लक्ष ठेवावयाचे असते. छाती हलते आहे का, उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आहे का, हे तिने पाहावयाचे. श्वास थांबल्यास दुर्बीण काढून घ्यावी, हनुवटी उचलून मार्ग मोकळा करावा आणि मुखवटा व पिशवीच्या साहाय्याने श्वास द्यावा.

तात्पर्य, प्राणवायूने अवधी मिळतो. श्वासाची जागा तो घेत नाही. शब्दाने जोडलेल्या या दोन गोष्टी उपचार करणाऱ्याने मनात वेगळ्या ठेवाव्या लागतात.