सात माणसं, तीन तिकिटं

सुगी झाली की घरात एक विषय निघतोच, सगळ्यांनी मिळून देवदर्शनाला जायचं. आणि लगेच कुणीतरी म्हणतं, ‘गाडीच करू!’ आज या गाडीचा हिशेब मांडू.

सोलापूरकडचा फेरा घेऊ. सोलापूर मधोमध. तिथून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर, अक्कलकोट 40, पंढरपूर 70-75. तिन्हीकडे एसटी जाते.

आता घरातली माणसं मोजा. नवरा, बायको, 76 वर्षांचे सासरे, 68 वर्षांच्या सासूबाई, 14 वर्षांची मुलगी, 10 वर्षांचा मुलगा आणि 4 वर्षांचा धाकटा. माणसं सात. एसटीत 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, म्हणजे सासऱ्यांचं तिकीट नाही. धाकटा पाचच्या आतला, त्याचंही नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून बायको, सासूबाई आणि मुलगी अर्ध्या तिकिटावर. 5 ते 12 वयाच्या मुलाचंही अर्धंच. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं! चार अर्धी म्हणजे दोन, आणि एक पूर्ण. सात माणसं तीन तिकिटांत जातात.

सगळ्या फेऱ्याचं पूर्ण तिकीट माणशी 1,000 रुपये धरलं, तर घराचा खर्च 3,000. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. आगाऊ आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा पडतो. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. अक्कलकोटहून पुढं गाणगापूरला जाणार असाल, तर ते कर्नाटकात येतं हे लक्षात ठेवा. निघण्याआधी आगारात एकदा चौकशी करा.

आता भाड्याची गाडी. समजा दर किलोमीटरला 16 रुपये. बरेच गाडीवाले दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. तुम्ही 200 फिरलात तरी पैसे 300 चे. दोन दिवसांचे झाले 9,600 रुपये. वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. म्हणून ठरवतानाच विचारा: किमान किलोमीटर किती? टोल कुणाचा? मुक्कामाचे वेगळे का? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि निघताना मीटरचा आकडा टिपा.

गाडी नेहमीच महाग असते असं नाही. सासूबाईंना बसची पायरी चढवत नसेल, किंवा दोन-तीन घरं मिळून सतरा आसनांची गाडी करणार असाल, तर माणशी खर्च काढून बघा. पण पाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. आसनांपेक्षा जास्त माणसं कोंबूनही बचत करू नका. तीनशे रुपये वाचवायला लेकरांचा जीव टांगणीला लावायचा नाही.

दिवसही बघून निवडा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी, अक्कलकोटला गुरुवारी, पंढरपूरला एकादशीला. गर्दीत खोल्यांचे दर चढतात आणि रांगेत दिवस गेला की मुक्काम वाढतो. आधी भक्तनिवासात चौकशी करा. अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो. पहिल्या दिवसाला घरच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली घ्या. वाटेतला वडा आणि बाटलीबंद पाणी सात जणांना घेतलं, की नोट कधी मोडली ते कळत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. सहलीसाठी गटाचं कर्ज उचलू नका. शेकडा दोन रुपयांनी 5,000 घेतले तर पहिल्याच महिन्याचं व्याज 100 रुपये. त्यापेक्षा महिन्याला 400 रुपये वेगळे टाका, दहा महिन्यांत 4,000 होतात. तिकिटं निघून वर हजार उरतात. कर्ज बियाण्याला, शेळीला, शिलाई मशीनला घ्यावं, त्यातून परत काही येतं.

पुढच्या बैठकीत हा हिशेब वहीत मांडा. आपल्या घरातली माणसं वयानुसार लिहा आणि तिकिटं मोजा. पैशापायी ‘तुम्ही जाऊन या, मी घर बघते’ म्हणणाऱ्या बाईचं तिकीट त्यात पहिलं लिहा. तिचं तर अर्धंच आहे!