माफीचा साक्षीदार

कट शिजतो तो बंद दाराआड. तेथें तिऱ्हाईत मनुष्य सहसा हजर नसतो. जे हजर असतात ते त्या पापाचे भागीदार असतात. असा गुन्हा उघडकीस आला म्हणजे सरकारपक्षापुढें पुष्कळ वेळां दोनच मार्ग उरतात. पुराव्याच्या अभावीं सर्वांनाच सुटूं द्यावें, किंवा त्यांच्यांतीलच एकाला माफी देऊन त्याच्या तोंडून बाकीच्यांचीं कृत्यें न्यायासनापुढें आणावीं. या दुसऱ्या मार्गानें जो साक्षीच्या पिंजऱ्यांत येऊन उभा राहतो, त्यालाच कोर्टाच्या भाषेंत ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक, ही म्हण खरी आहे. परंतु त्या वाटा दाखवितां दाखवितां चोरानें एखाद्या निरपराध्याच्या दारांत नेऊन उभें केलें, तर तें ओळखावयाचें कसें? माफीच्या साक्षीदारासंबंधींचा सारा कायदा या एका प्रश्नाभोंवतीं उभा आहे.

हिंदुस्थानांतील पुराव्याचा कायदा १८७२ सालीं झाला. त्याचा मसुदा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं तयार केला होता. त्या कायद्यांत या साक्षीदारासंबंधीं दोन वचनें होतीं, आणि वरवर पाहणाराला तीं एकमेकांशीं भांडतात असें वाटे. कलम १३३ म्हणे कीं, गुन्ह्यांतील साथीदार हा साक्ष देण्यास पात्र आहे. त्याच्या साक्षीला अन्य पुष्टि नव्हती एवढ्याच कारणानें शिक्षा बेकायदेशीर ठरत नाहीं. उलट कलम ११४ च्या ‘ब’ या उदाहरणांत सांगितलें होतें कीं, महत्त्वाच्या बाबतींत पुष्टि मिळाल्यावांचून साथीदार विश्वासास पात्र नाहीं, असें न्यायालयाला गृहीत धरतां येईल. एका हातानें दार उघडावें आणि दुसऱ्या हातानें तेंच लोटून घ्यावें, असा हा प्रकार दिसे.

स्टीफन यांनीं त्याच कलमांत दिलेले दाखले पाहिले म्हणजे या विरोधाचा उलगडा होतो. कांहीं यंत्रांची मांडणी निष्काळजीपणें झाल्यामुळें एक मनुष्य मरण पावला. दोन सच्छील गृहस्थांनीं मिळून ती मांडणी केली होती. त्यांपैकीं एक जण झालेली चूक दोघांची होती असें कबूल करून सर्व हकीकत नीट सांगतो. हाही कायद्याच्या दृष्टीनें साथीदारच. परंतु त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण काय? दुसरा दाखला असा : तीन गुन्हेगार जागेवरच पकडले गेले, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवलें, आणि तिघांनींही चौथ्या एकाचें नांव घेऊन परस्परांशीं जुळणाऱ्या हकीकती सांगितल्या. आधीं संगनमत होण्यास जर संधिच नव्हती, तर त्या जुळण्याला कांहीं वजन द्यावेंच लागेल. तात्पर्य, साथीदाराची साक्ष कशी तोलावी याचें एकच माप कायद्यानें ठरविलें नाहीं. संशय हा नियम ठेवला आणि विश्वास हा अपवाद. अपवाद केव्हां मान्य करावयाचा हें न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलें.

माफी मिळते ती सशर्त असते. गुन्ह्याची हकीकत पूर्णपणें व खरी सांगावयाची, कांहीं लपवावयाचें नाहीं, ही ती अट. आधीं जामिनावर सुटलेला नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला अटकेंतच राहावें लागतें. त्यानें अट मोडली असें सरकारी वकिलानें प्रमाणपत्र दिलें, तर मूळ गुन्ह्याबद्दल त्याच्यावर पुन्हा खटला होऊं शकतो. ही अट सत्य वदवून घेण्यासाठीं आहे हें खरें. पण तिची दुसरी बाजूहि आहे. आपला जीव सरकारपक्षाच्या समाधानावर टांगलेला आहे, हें साक्षीदार क्षणभरहि विसरत नाहीं.

सोलापूरकरांना हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. दिल्लीच्या लाल किल्ल्यांत १९४८ सालीं चाललेल्या गांधीहत्येच्या खटल्यांत आठ आरोपी होते, आणि त्यांत सोलापूरकडील शंकर किस्तय्या नांवाचा सुमारें वीस वर्षांचा एक तेलुगुभाषी तरुण होता. कोर्टांत चाललेलें काम आरोपींना समजावें म्हणून तें हिंदुस्तानी, मराठी व तेलुगु या भाषांतून सांगावें लागे. शंकर हा पुण्यांतील शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याचा घरगडी. बडगे स्वतः कटांत सामील होता. परंतु २१ जून १९४८ रोजीं त्याला सशर्त माफी देण्यांत आली आणि तो सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार झाला. शस्त्रें पुरविणारा धनी साक्षीच्या पिंजऱ्यांत आणि त्याच्या हुकुमानें ओझें वाहणारा गडी आरोपीच्या पिंजऱ्यांत, असा देखावा त्यावेळीं दिसला.

विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनीं १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल दिला. बडग्याची साक्ष त्यांना एकंदरींत खरी वाटली. तरी ती खरी वाटते एवढ्यावर ते थांबले नाहींत. प्रत्येक आरोपीच्या बाबतींत स्वतंत्र पुष्टि आहे कीं नाहीं, हें त्यांनीं निरनिराळें तपासलें. स्वातंत्र्यवीर सावरकर यांच्या संबंधांत या कसोटीचें महत्त्व विशेष स्पष्ट झालें. १७ जानेवारी १९४८ रोजीं गोडसे व आपटे दादरच्या सावरकर सदनांत वर गेले, आपण खालीं थांबलों, आणि ते परततांना सावरकरांनीं त्यांना यशस्वी होऊन येण्यास सांगितलें, अशी बडग्याची साक्ष होती. मुंबईच्या टॅक्सीवाल्याची साक्ष त्या मंडळींना शिवाजी पार्कपर्यंत पोंचवीत होती. परंतु घराच्या आंत काय बोलणें झालें आणि तें कशाविषयीं होतें, याला बडग्याच्या शब्दाखेरीज आधार नव्हता. अशा साक्षीवर निष्कर्ष उभारणें धोक्याचें आहे, असें ठरवून न्यायाधीशांनीं सावरकरांना निर्दोष सोडलें.

शंकरला मात्र जन्मठेपेची शिक्षा झाली; ती सात वर्षांवर आणावी अशी शिफारस न्यायाधीशांनींच केली होती. पुढें सिमला येथें पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढें अपील चाललें आणि जून १९४९ मध्यें शंकरची सुटका झाली. धन्याच्या सांगण्यावरून पिशवी उचलणें आणि पिशवींतील वस्तु कोणाच्या जिवावर उठणार हें जाणून कटांत शिरणें, या दोहोंत अंतर आहे. तें अंतर ओळखण्यास एका गरीब घरगड्याला दुसऱ्या न्यायालयापर्यंत जावें लागलें.

माफीच्या साक्षीदाराचा खरा धोका कोणता, हें त्याच वर्षीं प्रिव्ही कौन्सिलनें ओरिसांतील एका खुनाच्या खटल्यांत सांगितलें. तो निर्णय लिहिणारे सर जॉन बोमंट हे १९३० ते १९४३ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : साथीदार हा दुर्वर्तनी असतो, जीव वाचविण्यासाठीं तो सोबत्यांना दगा देतो, सरकारपक्षाकडे त्याचा ओढा असतो, हें सर्व खरेंच, पण मुख्य धोका याहून निराळा आहे. त्याची हकीकत ढोबळ मानानें खरी असते, आणि म्हणूनच तींत खोटा धागा विणणें त्याला सोपें जातें. गुन्ह्याची जागा, वेळ, हत्यार, पळून जाण्याची वाट, सर्व कांहीं तो बिनचूक सांगेल; फक्त आपल्या भावाचें किंवा मित्राचें नांव गाळून तेथें वैऱ्याचें नांव घालील. उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला बाकीच्या खऱ्या तपशिलांत कोठेंही भेग सांपडणार नाहीं.

म्हणूनच पुष्टि कशाची हवी, हा प्रश्न महत्त्वाचा. प्रेत दाखविलेल्या जागीं निघालें, एवढ्यानें साक्षीदार तेथें होता हें सिद्ध होतें; आरोपी तेथें होता हें सिद्ध होत नाहीं. इंग्लंडांत १९१६ सालीं बास्करव्हिल खटल्यांत लॉर्ड रीडिंग यांनीं हा नियम स्पष्ट केला होता : पुष्टि स्वतंत्र असावी, आणि गुन्हा घडला एवढेंच नव्हे तर तो या आरोपीनें केला, याकडे तिनें बोट दाखवावें. एका साथीदाराची साक्ष दुसऱ्या साथीदाराच्या शब्दानें पक्की होत नाहीं, हें तत्त्वहि यांतूनच निघतें.

आणखी एक धोका समाजाच्या पूर्वग्रहांतून उत्पन्न होतो. १८७१ च्या कायद्यानें कांहीं जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. सोलापुरांत तारेच्या कुंपणांत अशा कुटुंबांची वसाहत होती. तिचें ‘सेटलमेंट’ हें नांव शहराच्या तोंडीं अद्याप आहे. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु ज्याचें नांव आधींच पोलिसांच्या वहींत आहे, त्याचें नांव साथीदारानें घेतलें तर तें सहज पटतें, आणि जें सहज पटतें त्याला पुष्टि शोधण्याचा कंटाळा केला जातो. साथीदाराला नेमकें असेंच नांव हवें असतें.

स्वातंत्र्योत्तर काळांत सर्वोच्च न्यायालयानें हा विवेक अधिक रेखीव केला, आणि त्यांत महाराष्ट्राशीं संबंध असलेल्या न्यायमूर्तींचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या न्यायासनावरून गेलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनीं १९५२ सालीं सांगितलें कीं, पुष्टीचा हा सावधगिरीचा नियम आतां कायद्याइतकाच दृढ झाला आहे. न्या. गजेंद्रगडकर यांनीं १९५७ सालीं दुहेरी कसोटी घालून दिली : साक्षीदार मुळांत विश्वसनीय आहे काय, हें आधीं पाहावें, त्या कसोटीस तो उतरला तरच पुष्टीकडे वळावें. जी साक्ष मुळांतच पोकळ आहे तिला बाहेरून टेकू देऊन उपयोग नाहीं. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत झालेल्या भीषण हत्यांच्या खटल्यांतही माफीचे साक्षीदार होते. त्या प्रकरणीं १९७७ सालीं न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनीं दाखवून दिलें कीं, कलम १३३ आणि कलम ११४ यांत विरोध नाहीं. एक कायद्याची मर्यादा सांगतें, दुसरें त्या मर्यादेंत शहाणपणानें कसें वागावें तें सांगतें.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली आहे. जुनें कलम १३३ तेथें कलम १३८ झालें आणि जातां जातां त्यांतील एक शब्द पालटला. पूर्वी पुष्टि नसलेल्या साक्षीवर दिलेली शिक्षाहि केवळ त्या कारणानें बेकायदेशीर ठरत नसे. आतां पुष्टि मिळालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदेशीर नाहीं, असें कलम सांगतें. दीडशें वर्षें न्यायाधीशांच्या विवेकांत वसलेली सावधगिरी अशा रीतीनें कायद्याच्या अक्षरांत उतरली आहे.

वर्तमानपत्रांत ‘आरोपी माफीचा साक्षीदार झाला’ हा मथळा दिसतांच पुष्कळांना खटला संपलासें वाटतें. वस्तुतः खरी तपासणी तेथून सुरू व्हावयाची असते. या मनुष्यानें स्वतःचा वाटा कमी करून सांगितला आहे काय? ज्याचें नांव तो घेतो त्याच्याशीं त्याचें पूर्वींचें वैर किंवा देणेंघेणें होतें काय? आणि त्याचा शब्द बाजूला ठेवला तर त्या आरोपीकडे बोट दाखविणारें दुसरें काय उरतें? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर हकीकत कितीही रंगतदार असो, तिच्यावर कोणाला फांसाच्या दोरापर्यंत नेणें न्यायाला शोभणारें नाहीं.