तोंडानं घ्यायचं सलाइन

पटकीची साथ आली की आपल्याकडे मरीआईचा गाडा गावच्या वेशीबाहेर नेऊन सोडत. पुढे सलाइन आलं आणि मरीआईचा धाक ओसरला. पण सलाइनला बाटली लागते, सुई लागते, शीर शोधणारा हात लागतो. १९७१ साली पश्चिम बंगालच्या बनगावात नेमकं हेच संपलं होतं.

पूर्व पाकिस्तानातून त्या वर्षी सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. सीमेलगतच्या बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या. खाटा भरल्यावर माणसं जमिनीवर निजवलेली. उलट्या-जुलाबांच्या चिखलात गुडघे टेकूनच डॉक्टरांना त्यांच्यापर्यंत पोचावं लागे. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस बालरोगतज्ज्ञ, वय छत्तीस.

उपाय त्यांनी शोधलेला नव्हता, हे आधी सांगायला हवं. कोलकात्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १९५३ मध्ये पटकीच्या रुग्णांना तोंडानं क्षारपाणी दिलं होतं. आतड्यात ग्लुकोज शिरताना सोडियमला सोबत ओढतं, त्यामागून पाणी येतं, आणि पटकीतही ही वाट उघडी राहते, हे पुढे कळलं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते रुग्णांवर सिद्धही केलं. पण ते सारं इस्पितळात, मोजमाप ठेवून, जाणत्या हातांनी. निर्वासितांच्या गर्दीत ते चालेल याची हमी कोण देणार?

महालनबीसांनी जोखीम घेतली. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियम असतं तर बरं. पण कृती सोपी आणि स्वस्त हवी, म्हणून वगळलं. कोलकात्यात पुड्या भरल्या, बनगावात त्या पिंपांत कालवल्या. आणि पेला दिला रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, नवऱ्याच्या हाती. माझ्या मते खरा शोध हा. सलाइन म्हणजे सुई, असं लोकांच्या डोक्यात घट्ट; तेव्हा याला ‘तोंडाचं सलाइन’ म्हणायचं ठरलं. नाव देण्यातही वैद्यकी असते!

सलाइनच्या टंचाईत ३० टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूंचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आलं. तज्ज्ञ मात्र बराच काळ साशंक राहिले; हा वृत्तांत जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात १९७३ मध्ये छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ बनगावात येऊन सारं पाहून गेले होते. ते या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते झाले. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं या उपचारामागच्या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत मोठी वैद्यकीय प्रगती ठरवलं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गेले होते.

औषधाच्या दुकानात आज ही पुडी सहज मिळते. घेतलीत तर तिच्यावर छापलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी, असला अंदाजपंचे कारभार नको. त्या पुडीतलं औषध म्हणजे तिचं प्रमाणच आहे.