जुनाट पाठदुखी आणि मनोमार्गी उपचार

मराठीत ‘दुखणे’ या एकाच शब्दाने वेदना आणि आजार ही दोन्ही सांगितली जातात. जेथे दुखते तेथे काहीतरी बिघडले असलेच पाहिजे, हे गृहीत जणू त्या शब्दातच दडलेले आहे. ताज्या जखमेच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या पाठदुखीच्या बाबतीत ते पुष्कळदा टिकत नाही.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कमरेच्या मणक्यांची चुंबकीय अनुनादाने चित्रे घेण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये मणक्यांमधील निदान एक गादी फुगलेली आढळली. ‘गादी सरकली आहे’ हे निदान ऐकून धास्तावलेल्या रुग्णाने ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. चित्रात दोष दिसणे आणि तोच वेदनेचे कारण असणे, या दोन निराळ्या गोष्टी होत.

मग वेदना येते कोठून? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांताने या प्रश्नाची दिशाच पालटली. शरीराकडून निघालेला संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत कमीअधिक केला जातो, आणि मेंदूकडून खाली उतरणारे संदेशही त्यात हस्तक्षेप करतात, असे त्यांनी प्रतिपादिले. सिद्धांताचा तपशील पुढे बराच बदलला. हे मूलसूत्र मात्र टिकून आहे. यावरून भीतीचे कार्य स्पष्ट होते. वाकल्याने कणा मोडेल असे ज्यास वाटते तो वाकणे टाळतो, पाठीकडे सतत लक्ष ठेवतो, आणि प्रत्येक कळ त्याला इजेचा नवा पुरावा भासते. अशा रीतीने मूळ इजा भरून आल्यावरही वेदना उरते. ती पूर्णतः खरी असते. ‘हे सारे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णास सांगणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय ते शास्त्रदृष्ट्याही चूक आहे.

मनोमार्गी उपचार या भीतीलाच हात घालतात. विचार व वर्तन यांत पालट घडविणारी उपचारपद्धती आणि सजगतेचा अभ्यास यांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४२ रुग्णांवरील प्रयोगात झाली. सहा महिन्यांनी दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के होते. नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत ते ४४ टक्के भरले. लाभ खरा, पण माफक.

कोलोरॅडोतील बोल्डर येथे झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने अधिक खळबळ उडविली. १५१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटास वैद्याबरोबर एक आणि नंतर चार आठवड्यांत आठ बैठका देण्यात आल्या. ‘ही संवेदना धोक्याची सूचना नाही’ असे मनाशी घोळवीत, ज्या हालचालीची धास्ती वाटे तीच हालचाल रुग्णाने शांतपणे करावयाची, असे त्या बैठकांचे स्वरूप होते. दुसऱ्या गटास पाठीत मिठाच्या पाण्याची सुई टोचण्यात आली, आणि तीत औषध नाही हे उघड सांगण्यात आले. तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू राहिले. पहिल्या गटातील ५० पैकी ३३ जण वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. इतर गटांत हे प्रमाण अनुक्रमे २० आणि १० टक्के होते. वर्षानंतरही लाभ बव्हंशी टिकला.

तथापि हे आकडे सावधपणे वाचावयास हवेत. वेदनेचे मोजमाप रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर अवलंबून होते, आणि आपणांस कोणता उपचार मिळत आहे हे त्याला ठाऊक होते. वेदना सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या होत्या. ताप, अकारण वजन घटणे, पायांतील बळ जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे असल्यास प्रथम शरीराचीच तपासणी झाली पाहिजे. तेथे विलंब अक्षम्य ठरेल.

हे उपचार करावे कोणी, हा प्रश्न उरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४९२ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियन प्रयोगात रुग्णाच्या समजुती, भीती व हालचाल यांवर एकत्र काम करण्याचे शिक्षण भौतिकोपचारतज्ज्ञांना देण्यात आले होते, आणि रुग्णांना झालेला लाभ वर्षअखेरपर्यंत टिकला. जेथे मानसोपचारतज्ज्ञांची वाण आहे, तेथे हीच वाट अधिक व्यवहार्य दिसते.