मुसकं आणि मुहपत्ती

कोळपणीच्या दिवसांत बैलाच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात. ओळींमधून चालताना त्याने उभ्या पिकात तोंड घालू नये, म्हणून. तिला मुसकं म्हणतात. २०२०च्या मे महिन्यात गावाकडे आमच्या मामांना ग्रामपंचायतीच्या शिपायाने चावडीजवळ अडवलं आणि तोंड झाकायला सांगितलं, तेव्हा मामांच्या तोंडून हाच शब्द गेला. "मला काय बैल समजलास का रे, मुसकं बांधायला?" खांद्यावर टॉवेल होता. हाच टॉवेल डोक्याला, तोंडाला गुंडाळून ते आयुष्यभर उन्हातान्हात राबले होते. त्या दिवशी मात्र तो खांद्यावरून निघाला नाही. शंभर रुपये दंड भरून, पावती कोपरीच्या खिशात घालून ते घरी आले.

रात्री फोनवर मी त्यांच्याशी भांडलो. मामा, कापड तेच, बांधायचं तसंच, मग अडलं कुठे? ते म्हणाले, "कापडाचं काय नाही. तो सांगायला आलाच नव्हता. पावती फाडायला आला होता."

कापडाचं काही नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. तोंड झाकणं आपल्याला नवं नाही. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधत, ते महासाथीच्या कितीतरी आधीपासून. धुळीसाठी, उन्हासाठी; कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. विदर्भात मे महिन्यात दुपट्टा न बांधता बाहेर पडणाऱ्याला घरचेच वेड्यात काढतात. मग २०२० ते २०२२ या दोन वर्षांत त्याच कापडाचं इतकं ओझं का झालं, लाखो माणसांनी ते हनुवटीवर का लटकवलं आणि कुणी दिसलं की नाकावर का ओढलं, या प्रश्नाने मला तेव्हापासून सोडलेलं नाही.

त्याचं थोडंसं उत्तर सुरुवातीच्या आठवड्यांत आहे. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. तेव्हा सगळीकडून सांगणं एकच होतं की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, तो डॉक्टर-परिचारिकांसाठी राहू द्या. तुटवडा खरा होता, त्यामुळे सल्ल्यात तथ्यही होतं. पण 'मास्क पुरेसे नाहीत' असं सांगण्याऐवजी 'मास्कचा उपयोग नाही' असं लोकांच्या कानी पडलं. मार्चअखेर भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरच्या घरी सुती कापडाचा मास्क कसा शिवावा याची पुस्तिका काढली. ४ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाचा सल्ला आला. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि न लावणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८खाली कारवाई होईल असं बजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कची शिफारस केली ती थेट ५ जूनला. म्हणजे जी गोष्ट मार्चमध्ये निरुपयोगी होती, ती एप्रिलमध्ये न करणं गुन्हा ठरली. मत का बदललं, हे मधल्या काळात कुणी लोकांसमोर बसून समजावलं नाही. नव्या आजारात शास्त्रज्ञांनी मत बदलणं हे चांगल्या शास्त्राचं लक्षण आहे. ते बदल दारोदारी नेऊन सांगायचे असतात, आणि तिथे आपण कमी पडलो.

सांगण्याऐवजी हाताशी होता तो कायदा. त्याचं नाव साथरोग अधिनियम, १८९७. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० रोजी लागू केला. हा कायदा आपल्याच मातीत जन्मला आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी चार कलमांचा हा कायदा झाला. सरकारला वाटेल ते उपाय करण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला कलम १८८ची शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण. रुग्णाला काय मिळेल, घर सील झालेल्याने खायचं काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

तो कायदा पुण्यात कसा राबवला गेला, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड, गोरे शिपाई, घराघरांतल्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. रोग खरा होता, रुग्णाला वेगळं ठेवण्यामागचं वैद्यकही सगळं चुकीचं नव्हतं. तरी लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले, कारण दारावरच्या थापेची दहशत प्लेगहून मोठी झाली. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरंही काही घडत होतं, आणि ते आपण या गोष्टीला जोडून सहसा सांगत नाही. हडपसरजवळच्या माळावर आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगचे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला घरातून उचलून नेणं हे सोजीरही करत होते आणि सावित्रीबाईही. लोकांना त्यातला फरक कळत होता.

२०२०ची मुंबई म्हणजे रँडचं पुणे नव्हे. निवडून दिलेलं सरकार होतं, आणि हजारो आशाताई, परिचारिका, सफाई कामगार जिवावर उदार होऊन राबत होते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत सप्टेंबरपासून घरोघरी विचारपूस झाली. बचत गटांच्या बायकांनी घरच्या शिलाई मशीनवर मास्क शिवले. पण रस्त्यावर सामान्य माणसाची गाठ पडली ती क्लीन-अप मार्शलशी. रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला दंड करायला ठेवलेली ही मुलं. त्यांच्या हातात आता मास्कचं पावती पुस्तक आलं. दंड आधी हजार रुपये होता; सप्टेंबर २०२०मध्ये तो दोनशेवर आला. ही मुलं खासगी एजन्सीची, आणि वसुलीत एजन्सीचा वाटा. एका सार्वजनिक आरोग्याच्या उपायाला यापेक्षा वाईट पाया मला सुचत नाही. वाटा वसुलीत असल्यावर मास्क न लावलेला माणूस दिसला की त्याच्या फुप्फुसांची काळजी कुणाला वाटणार?

परिणाम सगळ्यांनी पाहिला. स्टेशनबाहेर, मंडईच्या तोंडाशी, सिग्नलला मार्शल उभे असत आणि त्यांच्या अलीकडे दहा पावलांवर मास्क वर जात, पलीकडे दहा पावलांवर खाली येत. आमच्या मंडईतली एक भाजीवाली मावशी पदराचं टोक दातांत धरून बसायची. मार्शल दिसला की तिच्या शेजारचा लिंबूवाला "आला, आला" म्हणायचा आणि पदर नाकावर जायचा. तो निघून गेला की पदर खाली येई, आणि मग ती गिऱ्हाइकाशी मोठ्या आवाजात भाव करायची, म्हणजे थेंब उडण्याचा धोका जेव्हा सर्वांत जास्त तेव्हाच तिचं तोंड उघडं. तिला मास्क मार्शलसाठी लावायचा असतो एवढंच कळलं होतं. तिला दुसरं कुणी काही शिकवलंच नव्हतं.

हुज्जती, हाणामारीचे व्हिडिओ, पैसे उकळल्याच्या तक्रारी हेही झालं. ऑक्टोबर २०२०मध्ये अंधेरीकडच्या भागात दंड न भरणाऱ्यांच्या हाती झाडू देऊन रस्ता झाडायला लावला गेला. झाडू मारणं हे कुणाचं तरी रोजचं, मानाचं काम आहे. ते शिक्षा म्हणून वापरणं मला तेव्हाही खटकलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली: तीन पदरी मास्क तीन ते चार रुपये, एन-९५ एकोणीस ते एकोणपन्नास. म्हणजे एका दंडाच्या पैशात पन्नास तीन पदरी मास्क आले असते. नोव्हेंबरअखेर दंड भरणाऱ्याला एक मास्क फुकट द्यायचं ठरलं. मास्क देण्याची कल्पना सुचली होती तर, फक्त तिचा क्रम चुकला होता.

हा गोंधळ मुंबईपुरता नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने विनामास्क सापडणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवा करायला पाठवा असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२० रोजी तो स्थगित केला. एप्रिल २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गाडीत एकटा बसलेल्यानेही मास्क लावलाच पाहिजे असं म्हटलं. बंद गाडीत एकट्या माणसाने कुणाला वाचवायचं, हे मला आजही समजलेलं नाही.

शंभर वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोतही हेच घडलं होतं. १९१८च्या ऑक्टोबरअखेर, इन्फ्लुएंझाच्या साथीत, तिथे मास्क सक्तीचा झाला. पहिल्या काही दिवसांतच शंभरावर लोकांना अटक झाली. एका आरोग्य निरीक्षकाने मास्क लावायला नकार देणाऱ्या एका लोहारावर गोळी झाडून त्याला जखमी केलं. आणि त्याच सुमारास मुष्टियुद्धाच्या सामन्याला महापौर जेम्स रॉल्फ आणि आरोग्य अधिकारी विल्यम हॅस्लर स्वतःच विनामास्क सापडले; महापौरांना ५० डॉलर दंड झाला. २१ नोव्हेंबरला सक्ती उठली तेव्हा रस्त्यांवर जाळीच्या कापडाचा खच पडला. जानेवारी १९१९मध्ये सक्ती परत आली तेव्हा मास्कविरोधी संघ उभा राहिला, दोन हजारांवर माणसं सभेला जमली आणि १ फेब्रुवारीला आदेश मागे घेतला गेला. महापौरांचा किस्सा वाचताना आपल्याकडच्या सभा, मिरवणुका आणि मंगल कार्यालयांतले उघडे चेहरे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मंचावरचा माणूस विनामास्क बोलत असताना खाली बसलेल्याकडून दंड घ्यायचा, हे कुठल्याही देशात टिकत नाही.

मग टिकतं काय? याचं मला सापडलेलं सर्वांत भरीव उत्तर बांगलादेशातल्या खेड्यांतून आलं. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात जेसन अबालक, मुश्फिक मोबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे गावांत, साडेतीन लाखांच्या आसपास प्रौढांमध्ये प्रयोग केला. निम्म्या गावांत काही केलं नाही. उरलेल्या गावांत घरोघरी फुकट मास्क दिले, कसा व का लावायचा ते सांगितलं, मशिदीत इमामांनी आणि गावच्या जाणत्या माणसांनी स्वतः लावून दाखवला. आणि बाजारात माणसं उभी केली. त्यांच्या हातात पावती पुस्तक नव्हतं, मास्कचा गठ्ठा होता. विनामास्क दिसला की थांबवायचं, नमस्कार-चमत्कार करायचा, मास्क पुढे धरायचा.

ज्या गावांत काही केलं नाही तिथे योग्य रीतीने मास्क लावणारे सुमारे १३ टक्के होते. प्रयोगाच्या गावांत ते ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणं असलेली, रक्ततपासणीत सिद्ध झालेली बाधा सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत ११ टक्क्यांनी, आणि त्या गावांतल्या साठीपुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा पुरावा त्यामानाने कच्चा निघाला. मास्क लावून लोक बेफिकीर होतील ही भीतीही खरी ठरली नाही. अंतर राखणं उलट थोडं वाढलं.

हा प्रयोग मला इतका मोलाचा वाटतो तो त्यातल्या अपयशांमुळे. मोबाइलवर संदेश पाठवून फरक पडला नाही. गावाला बक्षीस लावून पडला नाही. 'स्वतःला वाचवा' सांगा की 'दुसऱ्याला वाचवा' सांगा, तिथेही फरक दिसला नाही, आणि हे मला पचायला जड गेलं; कारण माझा स्वतःचा विश्वास दुसऱ्याच्या काळजीवर होता. फरक पडला तो समोर उभ्या राहिलेल्या माणसाने. आणि तरीही निम्म्याहून अधिक चेहरे उघडेच राहिले, हेही लक्षात ठेवायला हवं. चांगल्या वागणुकीने सगळे ऐकतात असा दावा कुणी करू नये.

माझा तो विश्वास आला मुंबईतूनच. स्थानकवासी आणि तेरापंथी जैन साधू-साध्वी तोंडाला दोऱ्याने बांधलेली मुहपत्ती वापरतात, ती आपल्या श्वासाने सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. अग्यारीत पारशी धर्मगुरू पवित्र अग्नीसमोर पदान बांधतात, ते अग्नीला आपला श्वास लागू नये म्हणून. दोन्हींत कापड बाहेरच्याला आपल्यापासून वाचवतं. साधा मास्क मुख्यतः हेच करतो. हे समजवायला मुंबईत परदेशी तज्ज्ञ लागत नव्हता. उपाश्रय होते, अग्याऱ्या होत्या, भजनी मंडळं, गणेशोत्सवाची मंडळं होती. त्यांच्या हातात मास्कचे गठ्ठे देऊन चौकात उभं केलं असतं, तर मामांच्या तोंडी बैलाचं मुसकं कदाचित आलंच नसतं.

३१ मार्च २०२२ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला. मामा त्याआधीच्या वर्षीच, लसीचे दोन डोस घेतल्यावर, बाजाराला जाताना टॉवेल नाकावर घेऊ लागले होते. गावच्या आशाताईने त्यांना तसं सांगितलं होतं, दोनदा घरी येऊन.

फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात १८९७चा हा कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही असं स्पष्ट म्हटलं. नवा कायदा जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात दंडाच्या कलमाआधी पुरवठ्याचं कलम यायला हवं: सक्ती करण्यापूर्वी मास्क फुकट द्या, तो घेऊन माणूस पाठवा, आणि दंडातला एक रुपयाही वसूल करणाऱ्याच्या खिशात जाऊ देऊ नका. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा वाचकांनी त्यांना याबद्दल विचारावं. तूर्त बदल झाला आहे तो एवढाच: १ जुलै २०२४पासून कलम १८८ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ने घेतली, आणि दंडाची मर्यादा जिथे दोनशे रुपये होती तिथे अडीच हजार झाली, जिथे हजार होती तिथे पाच हजार.