लोखंडाचा दर आणि कल्पकतेचे मोल

खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा किंवा सोसायटीचे फाटक करावयाचे झाले की ग्राहक फॅब्रिकेशनवाल्याला पहिला प्रश्न विचारतो तो ‘किलोला काय भाव?’ हा. वरकरणी या प्रश्नात व्यवहारचातुर्य दिसते. परंतु या व्यवसायाच्या अवनतीचे एक मूळ त्यातच आहे. मोबदला वजनावर ठरला की वजन वाढविण्यातच कारागिराचे हित सामावते. भरीव सळईऐवजी पोकळ नळी योजून तेवढीच मजबुती कमी पोलादात साधणारा कारागीर आपलेच उत्पन्न घटवितो. कल्पकतेला दंड आणि उधळपट्टीला बक्षीस, असा हा उफराटा न्याय आहे.

मुंबईसारख्या शहराला तो मुळीच शोभत नाही. १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, शोभिवंत लोहकामात याच शहरातील कलाशाळेचा हात होता. घडीव लोखंडाच्या नक्षीकामाचे शिक्षण तेथे १८६० च्या दशकातच सुरू झाले होते. आराखडा आणि भट्टी यांची तेव्हा जमलेली जोडी पुढे फुटली. आज वास्तुविशारद कागदावर रेषा ओढतो, निविदा सर्वांत कमी दराची मंजूर होते आणि वेल्डर मिळेल त्या मालाला जोड देतो.

किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत याचे परिणाम लवकर दिसतात. कठड्याच्या पायाशी पाणी साचते, वेल्डिंगने जस्ताचा मुलामा जळालेल्या जागी गंज चढतो. पाणी निथळण्यास वाट ठेवणे, जोडकाम आटोपल्यावर संपूर्ण भाग वितळलेल्या जस्तात बुडविणे, एखादाच गज बदलता यावा म्हणून नटबोल्ट वापरणे, हे उपाय साधे आहेत. मात्र त्यांना आरंभी थोडा अधिक खर्च येतो.

तो खर्च महाग म्हणावा काय? समजा, एक कठडा ऐंशी हजारांत होतो व दहा वर्षे टिकतो; दुसऱ्यास एक लाख वीस हजार लागतात, पण तो तीस वर्षे टिकतो. वर्षाकाठी पहिल्याचा खर्च आठ हजार, दुसऱ्याचा चार हजार. आठ टक्के व्याज धरले तरी दुसराच स्वस्त ठरतो.

या हिशेबात न येणारा आणखी एक खर्च समाज सोसतो. एक टन पोलादामागे जगात सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. भंगार वितळवून केलेल्या पोलादात हे प्रमाण पुष्कळच कमी असते, हे खरे. तथापि जो कठडा मोडावाच लागत नाही, त्याच्याइतकी बचत कोणतीही भट्टी करू शकत नाही.

म्हणून शासकीय बांधकामाच्या निविदांत तरी किलोच्या दराऐवजी आयुष्यभराचा खर्च हाच निकष असावा, आणि आयटीआयमध्ये वेल्डिंगबरोबर आराखड्याचेही शिक्षण मिळावे. वजनाला दाम मोजणाऱ्या समाजाला वजनच मिळते. टिकाऊपणा आणि सौंदर्य हवे असेल, तर दामही त्यांनाच मोजला पाहिजे.